कंसातलं नाव

वत्सलाबाई गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. चौथीचा भूगोलाचा तास चालू होता, मी फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढत होते आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. "त्या जरीपटक्याच्या बाई... आज सकाळी," एवढंच तो म्हणाला. मी नकाशा पूर्ण केला. का पूर्ण केला, ते आजही सांगता येत नाही. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला, घंटा झाली, आणि मग मी जी खुर्चीवर बसले ती उठेचना. याला आता दीड महिना होऊन गेला. भेटणारे म्हणतात, बाई फार सोशिक होत्या, देवमाणूस होत्या. मला त्या बोलण्याचा राग येतो. बाई सोशिक वगैरे काही नव्हत्या. त्यांना एक घर हवं होतं, स्वतःचं, दाराला आतून कडी लावता येईल असं. ते त्यांना मिळालं नाही. का मिळालं नाही, हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळख शाळेतली. मी नोकरीला नवी लागले तेव्हा त्या पस्तिशीच्या असाव्यात. विसाव्या वर्षी नवरा गेला, मग काही वर्षं गावी भावाकडे काढली, तिथून शिकून मास्तरीण झाल्या आणि नागपूरला आल्या. जरीपटक्याला एका घराच्या मागच्या बाजूची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. घरमालक माणसं भली होती, सणाला ताट पाठवत. पण गच्चीचा जिना बाईंच्या खोलीतून जात होता. वाळवण घालायला, पतंग काढायला, पाण्याची टाकी बघायला कोणीही केव्हाही यायचं, त्यामुळे दाराला आतून कडीच ठेवलेली नव्हती. बाई जेवायला बसल्या आणि कोणी शेजारून पापडाची परात घेऊन गेलं नाही, असं मी फारसं पाहिलं नाही. "भावाच्या घरी धान्याच्या कोठ्यांपाशी झोपत होती," त्या हसत सांगायच्या, "तिथं उंदीर जाये. इथं माणसं जाते. एवढीच तरक्की झाली माह्यी." त्या हसायच्या म्हणून मीही हसायची. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आईच्या घरी राहत होते, आणि दार या वस्तूकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं.

आप्पाजींच्या वर्गाची बातमी बाईंनीच आणली. आप्पाजी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. शहर वाढत होतं, बाहेरच्या वावरांत खुंट्या ठोकून ले-आउट पाडले जात होते, आणि महिनेवारी पगाराची माणसं दलालाच्या गोड बोलण्याला भुलून प्लॉट घेत होती. कोणाच्या प्लॉटवर नाला निघायचा, कोणाचा प्लॉट दोघांना विकलेला असायचा. आप्पाजींना हे बघवेना, म्हणून महाल भागातल्या एका शाळेच्या खोलीत दर रविवारी सकाळी ते 'जमीन कशी घ्यावी' हे शिकवू लागले. फी नव्हती. आळीपाळीने एकाने सगळ्यांना तर्रीपोहे खाऊ घालायचे, एवढाच नियम. रेल्वेतले कारकून, इतवारीतल्या भांड्याच्या दुकानांतले मुनीम, एक कंपाउंडर, दोन मास्तर असे वीसेक पुरुष, आणि आम्ही दोघी. पोहे खाताना खरा वर्ग भरायचा. रस्ता कुठून जाणार, कोणत्या बाजूला भाव चढणार, कोणाच्या साडूने कुठे काय घेतलं... जो तो जाणकार. वर्गात मान खाली घालून बसणारे लोक पोह्यांच्या ताटलीवर जमिनीचे राजे व्हायचे.

आप्पाजी सातबारा वाचायला शिकवत. त्यांनी आम्हाला एकदा अभ्यास दिला, प्रत्येकाने आपापल्या गावचा सातबारा काढून आणायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. बाईंनी पटवाऱ्याकडे तीन खेटे घालून वडिलांच्या वावराचा उतारा आणला. रविवारी त्या उभ्या राहिल्या, भावाचं नाव खणखणीत वाचलं, आणि पुढे थांबल्या. पुढे त्यांचंच नाव होतं. वडील गेल्यावर लागलेलं, आणि मग हक्क संपला म्हणून कंसात घातलेलं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. बाप गेला की भाऊ कागद घेऊन येतो, बहीण सही करते, भाऊ लुगडं-चोळी करतो, आणि माहेर राहिलं असं सगळे म्हणतात. बाईंनीही केली होती. पण ती सही झाल्यावर कागदावर आपलं काय होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

कोणीतरी खाकरलं. आप्पाजी फळ्याशी गेले आणि एक मोठा कंस काढला. "नीट ध्यानात ठेवा गा सगळे," ते म्हणाले, "कंसातलं नाव म्हणजे मेलेला माणूस नाही. तो माणूस कुठंतरी बसून हाय. जमीन घ्यायच्या आधी त्याले जाऊन भेटा. कागदाले विचारू नका, त्याले विचारा. त्याच्या तोंडून ऐका, मंगच इसार द्या." तो आमच्या वर्गाचा नियमच झाला. कोणी प्लॉट पाहिला की कामं वाटली जायची. एकाने पटवाऱ्याकडे जायचं, एकाने हद्दीवरून चालून यायचं, आणि एकाने कंसातल्या माणसाची गाठ घ्यायची. पुढच्या रविवारी ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. 'भेट झाली' म्हटलं की आप्पाजी फळ्यावर बरोबरची खूण करत. बोललेल्या शब्दावर पुन्हा प्रश्न नसे. आम्ही एकमेकांवर फार विश्वास ठेवणारी माणसं होतो. त्यातच आमचं वाटोळं झालं.

कळमन्याच्या पुढे देवराव नावाच्या एका माणसाने आपल्या वावरात ले-आउट पाडला होता. आज त्या बाजूला धान्याचा बाजार आहे, ट्रकांची रांग असते. तेव्हा तिथे तुरीची वावरं होती आणि एक विहीर. वर्गातल्या निम्म्या लोकांनी एकदमच तिथे घ्यायचं ठरवलं, आणि बाई तर जागा पाहून आल्यापासून दुसरं बोलतच नव्हत्या. पूर्वेकडे तोंड करून दोन खोल्या, मागे मोरी, परसात लिंबाचं झाड. इतवारीत जाऊन त्यांनी पितळेची एक कडी विकत घेतली. अजून इसाराचा पैसा दिला नव्हता, घराचा दगड नव्हता, आणि बाईंकडे कडी होती. मी चिडवलं, "बाई, आधी भिंत तरी उभी करा." त्या म्हणाल्या, "भिंत गवंडी उभी करते वं. कडी मले स्वतःले पाहून घ्यायची होती." ती कडी त्यांनी खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवली.

देवरावाच्या सातबाऱ्यावर कंसात एक नाव होतं. त्याची बहीण, यमुनाबाई. कुहीच्या वाटेवरच्या एका गावात दिलेली. बाहेरगावची कामं आप्पाजी पुरुषांनाच देत, आणि त्यावरून आम्ही दोघी कुरकुरत असू. एकदा मी भर वर्गात भांडले होते, की आम्हाला काय पाय नाहीत? त्यामुळे या खेपेला आप्पाजी हसून म्हणाले, "जा मंग तूच. बाईमाणसाची भेट बाईमाणसानं घ्यावी." रेल्वेतला एक कारकून मागून बोललाच, "मोटार लागते तिले. वांत्या करत परत येते का नाही पाहा." सगळे हसले. मीही दात दाखवले आणि आतून जळले.

शनिवारी अर्धी शाळा करून मी मोटार स्टँडवर गेले. श्रावण होता. गाडी दोन तास आली नाही. पावसाची झड, अंगावर ओली साडी, आणि तिथे देवराव उभा. तो तिथे योगायोगाने आला होता असं मानण्याइतकी भोळी मी नव्हते, पण त्या दिवशी झाले. त्याने चहा पाजला, भजी घेतली. "कायले तकलीफ करता बाई," तो म्हणाला, "बहीण गावात नाहीच. नात्यात लगन हाय, तिकडं गेली. तिनं राजीखुशीनं देल्लं मले. भावाले नाही देणार तं कोनाले देईन?" श्रावणात कसलं लग्न? माझ्या डोक्यात ते त्याच क्षणी आलं. त्याला धड खोटंही बोलावं लागलं नाही, एवढी मी परत जायला उत्सुक होते. गाडी लागली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, चिखलाने भरलेली, माणसं टपावर... आणि मी घरी आले.

रविवारी मी उभी राहिले. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो कारकून हसला असता. एवढंच. त्या एका हसण्याला भिऊन मी म्हणाले, "भेट झाली." तेवढ्यावर थांबावं, तर नाही. आप्पाजी कौतुकाने पाहत होते म्हणून मी रंगवून सांगितलं, की यमुनाबाईंनी चहा केला, हसून बोलल्या, भावापुढे जमिनीचं काय एवढं म्हणाल्या. आप्पाजींनी फळ्यावर खूण केली. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि मला वाटलं, त्यांना माझा अभिमान वाटतो आहे.

रजिस्ट्र्या झाल्या. बाईंनी फंडातलं सगळं काढून त्यात घातलं. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेलं होतं, त्यातून मीही एक प्लॉट घेतला, बाईंच्या मागचाच. पाया खणायला सुरुवात झाली त्याच महिन्यात कोर्टाचा कागद आला. यमुनाबाईंनी दावा लावला होता. हक्कसोडीवरचा अंगठा त्यांचा नव्हताच. देवरावाने दुसऱ्याच कोणा बाईला उभं केलं होतं. सगळ्या ले-आउटवर स्टे आला. वर्ग मोडला. ज्यांनी जिला पाहिलंही नव्हतं ते पोहे खाणारे लोक तिला शिव्या देऊ लागले, भावाच्या जिवावर उठली म्हणू लागले. मला कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी मानलं, की ती बाई आपल्या शब्दाला फिरली. माझं खोटं तिच्या खात्यावर गेलं, आणि मी ते जाऊ दिलं. 

पहिल्या तारखेला आम्ही सगळे कोर्टात गेलो. यमुनाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं, सोबत कोणी नाही. पलीकडे आमचे दहा-बारा लोक आणि वकील. वत्सलाबाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझा दंड धरून म्हणाल्या, "चाल, घरी जाऊ. मले इच्यासंगं भांडता येत नाही." आमच्या लोकांनी दावा लढायला समिती केली, बाईंनी समितीच्या कागदावर सही केली नाही. समजावलं, रागावलो, आप्पाजी स्वतः त्यांच्या खोलीवर जाऊन आले. बाईंचं एकच, नाही. सहा-सात वर्षं गेली आणि तडजोड झाली. भावाने, जातीच्या पंचांनी, सासरच्यांनी गळ घातली, थोडंफार काही हातावर ठेवलं, आणि यमुनाबाईंनी अंगठा दिला. या वेळचा खरा होता. तडजोडीच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्यांचे प्लॉट मोकळे झाले. मी सही केली. बाईंनी केली नाही. "एका बहिणीचा कंस माह्या भावाच्या कामी आला," त्या म्हणाल्या, "दुसरीच्या कंसात मी चूल नाही मांडत." माझ्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा त्या आल्या, सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, पुढच्या दाराची कडी एकदा लावली, एकदा काढली, आणि म्हणाल्या, "चांगली घट्ट लागते."

पोटाचं दुखणं निघालं ते शेवटचंच निघालं. दवाखान्यात मी रोज जात असे. तिथे सगळा वॉर्डच उघडा. वीस खाटा, येणारे-जाणारे, पडदासुद्धा नाही. एका दुपारी त्यांना थोडी हुशारी वाटत होती आणि मला ते पोटात ठेवणं अशक्य झालं. मी म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी गेलीच नव्हती. यमुनाबाईले मी भेटली नव्हती."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू सांगितलं तेव्हापासूनच. तू म्हटलं, ती हसून बोलली." त्यांनी दम घेतला. "सही केल्यावर मी तीन दिवस जेवली नव्हती वं. असं देऊन कोनी हसत नाही."

"मंग प्लॉट घेतला काहून तुम्ही? वर्गात बोलल्या काहून नाही?"

"मले घर पायजे होतं," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोलली, मी खोटं ऐकलं. मले वाटलं, एकदा माह्यं घर होऊन जाऊ दे, मंग पाहू... तुले एकटीले पाप नाही लागत." मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पण तुही भेट बाकी हाय. जाऊन ये." चार दिवसांनी, त्याच उघड्या वॉर्डात, त्या गेल्या.

मागल्या आठवड्यात मी कुहीच्या गाडीत बसले. आता रस्ता डांबरी आहे, दीड तासात पोचले, वांतीसुद्धा झाली नाही. जाताना मी बाईंच्या खोलीतल्या खिळ्यावरची ती पितळेची कडी सोबत घेतली होती. घरमालकांनीच मला दिली होती. मला वाटलं होतं, मी सगळं कबूल करीन, कडी यमुनाबाईंच्या हातात ठेवीन, आणि काहीतरी फिटेल. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवू पाहतो! यमुनाबाई दिराच्या घरी ओसरीत बसून तूर निवडत होत्या. बरोबर तशाच भिंतीला टेकून. मी कोण, का आले, सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"कोनता महिना होता?" त्यांनी विचारलं.

"श्रावण."

"श्रावणात मी कुठी जाते? घरीच होती." मग सुपातले खडे बाजूला करत, "कोनी आलं असतं नं, तं मी सांगितलं असतं, का मी नाही देल्लं म्हणून. माह्या घरी कोनी आलंच नाही इचाराले."

मी कडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंची आहे, म्हणाले, तुम्ही ठेवा. त्यांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, पदराने पुसली आणि परत माझ्या हातात दिली. "चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण हे घर दिराचं, पोरी. मी ओसरीत झोपते. माह्यं दार कुठी हाय, कडी लावाले?"

कडी आता माझ्या मागच्या खिडकीत ठेवलेली आहे. त्या खिडकीतून बाईंचा प्लॉट दिसतो. सगळ्या ले-आउटमध्ये तेवढाच मोकळा राहिला आहे. पायाचा चर भरून आला आहे, कोणी विटा टाकतं, कोणी म्हैस बांधतं. आत तरोटा माजला आहे. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी पुढचं दार ओढून घेते आणि माझा हात आपोआप वर, दाराच्या कडीकडे जातो. यमुनाबाईंकडून आल्यापासून रोज ठरवते आहे, आज कडी लावायची नाही, आज दार तसंच राहू द्यायचं, कडीशिवाय झोपणं काय असतं ते एक दिवस तरी कळू दे आपल्याला. आणि मग लावते. बाई म्हणाल्या होत्या तशीच आहे, चांगली घट्ट लागते.